वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कसं पाहावं

एकतीस वर्षं मी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवली. शाळा जालना जिल्ह्यातली. दिवाळीची सुट्टी संपली की सहलीचा विषय निघायचा आणि शिक्षकांच्या खोलीत दोनच नावं पुढे यायची, शेगाव नाहीतर वेरूळ. शेगाव हेडसरांचं, वेरूळ माझं. शेगाव जास्त वेळा जिंकायचं, तरी वेरूळला माझ्या वीसेक खेपा झाल्या असतील. निवृत्तीनंतर घरच्यांना, पाहुण्यांना, पुण्याच्या व्याह्यांना घेऊन गेलो त्या वेगळ्या.

पहिली सहल मी पार वाया घालवली. सकाळी नऊला पोरं गाडीतून उतरवली आणि एक नंबरच्या लेण्यापासून हाकायला सुरुवात केली. आलोच आहोत तर चौतीसच्या चौतीस दाखवायची, हा हट्ट. शेवटचं जैन लेणं आलं तेव्हा पोरांच्या चेहऱ्यावर फक्त भूक होती. दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला दिला. एका मुलीने लिहिलं, "आम्ही चौतीस लेणी पाहिली. सगळी दगडाची होती." मी तिला दहापैकी आठ दिले. तिचं काय चुकलं होतं?

म्हणून पहिली गोष्ट सांगतो ती ही, की सगळं पाहू नका. वेरूळला बौद्ध लेणी १ ते १२, हिंदू १३ ते २९ आणि जैन ३० ते ३४, असा दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रम आहे. डोंगराच्या एकाच धारेत सगळी कोरलेली, दोनेक किलोमीटरच्या अंतरात. एका दिवसात माणसाच्या डोळ्यांत पाच लेणी मावतात. हिंदू लेण्यांतली माझी पाच म्हणजे १६ नंबरचं कैलास आणि मग २९, २१, १५, १४. बौद्ध आणि जैन लेण्यांना कमी लेखतो असं कुणी समजू नका. दहा नंबरचं विश्वकर्मा, ज्याला लोक सुतार झोपडी म्हणतात, ते पाहून मी आजही गप्प होतो. पण त्यासाठी वेगळा दिवस काढा.

दिवस कोणता धरायचा

मंगळवारी वेरूळ बंद असतं. अजिंठा सोमवारी बंद. लोक नेमकी यांची अदलाबदल करतात. आमच्या व्याह्यांनी मंगळवारची गाडी ठरवून मला आदल्या रात्री फोन केला होता. ते वाचले, पण दर मंगळवारी फाटकाबाहेर दोन-चार कुटुंबं हिरमुसली होऊन उभी दिसतात, असं तिथला एक पेरूवाला मला सांगायचा.

श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. लेण्यांपासून किलोमीटरभरावर घृष्णेश्वर आहे, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, त्यामुळे त्या दिवशी गाव माणसांनी भरून वाहतं. शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीची गर्दी असते आणि रस्ता तोच. एप्रिल-मे तर विसराच. हा काळा बेसाल्ट दहा वाजता तापायला लागतो आणि संध्याकाळीही निवत नाही. पावसाळा देखणा असतो, २९ नंबरच्या बाजूला धबधबा कोसळत असतो, पण डोंगरावरची वाट शेवाळाने निसरडी होते. माझ्या मते ऑक्टोबरची अखेर ते जानेवारी. त्यातही सुरुवातीला गेलात तर दौलताबाद-खुलताबादकडची सीताफळं मिळतात, तो वरचा नफा.

संभाजीनगरहून लेणी तीसेक किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकातून कन्नड-चाळीसगावकडे जाणारी लाल परी वेरूळला थांबते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो आणि मग घाट. गाडी करून गेलात तर ड्रायव्हर "दौलताबाद, भद्रा मारुती, वेरूळ, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा, पाणचक्की" असं एका दमात म्हणून दाखवेल. त्याला तिथेच थांबवा. वेरूळ आणि वाटलं तर घृष्णेश्वर, एवढंच. दौलताबादचा किल्ला चढून आलेल्या माणसाचे पाय दुपारी कैलासात लटपटताना मी पाहिलेत. ते पाय माझेच होते.

तिकीट पुरातत्त्व खात्याचं, भारतीयांना ४० रुपये. मोबाईलवरून काढलं तर पाच रुपये कमी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. लेणी उजाडल्यापासून मावळेपर्यंत उघडी असतात, म्हणून जमेल तितक्या सकाळी फाटकावर हजर राहा. दहानंतर शाळांच्या बसगाड्या येतात. मीच आणायचो.

पिशवीत काय असावं

पाणी माणशी दीड लिटर. खाण्याचं काही उघड्यावर धरू नका. तिथली वानरं पिशवीचा आवाज ओळखतात. आमच्या सहलीत एका मुलाचा सबंध डबा वानराने नेला, आणि वर झाडावर बसून त्यातली फक्त पोळी खाऊन भेंडीची भाजी खाली टाकली. त्यावर पोरं पुढे वर्षभर हसत होती.

चप्पल किंवा सँडल सहज निघेल अशी. कैलासच्या वरच्या मजल्यावर सभामंडपात जाताना पादत्राणं काढावी लागतात, आणि बुटांच्या लेसशी झटापट करणारी माणसं पायऱ्यांवर मागच्यांची वाट अडवतात. दुपारी तापलेल्या दगडावरून अनवाणी चालावं लागतं, त्यासाठी जाड पायमोजे जवळ ठेवले तर पोरं आणि म्हातारी माणसं दुवा देतील.

आणि टॉर्च. मोबाईलचा चालेल, पण छोटी बॅटरी असली तर उत्तम. हिचा उपयोग कसा करायचा ते पुढे सांगतो, कारण माझ्या सगळ्या नोकरीत पोरांना शिकवलेली ती एकच गोष्ट आहे जी त्यांना अजून आठवते.

आधी डोंगर चढा

आता मुख्य मुद्द्यावर येतो. फाटकातून आत गेलं की समोरच कैलासचं गोपुर दिसतं आणि सगळे जण मेंढरांसारखे सरळ त्यात शिरतात. शिरू नका. लेण्याकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेच्या अंगाने, डोंगरावर जाणारी पायवाट आहे. त्या वाटेने चढा. आठ-दहा मिनिटांचं काम. गुडघे दुखणाऱ्यांना खालीच सावलीत बसवा, बाकीच्यांनी जावं.

हे मला एका आठवीतल्या पोराने शिकवलं. मागच्या बाकावर बसणारा, चित्रकलेत यथातथाच. पण त्याचे वडील विहिरी खोदायचे. खाली अंगणात उभा राहून मी राष्ट्रकूट, द्राविड शैली वगैरे सांगत होतो. त्याने मध्येच विचारलं, "सर, पहिला घाव कुठं घातला असंल?" मी म्हणालो, "वर." तो म्हणाला, "मग आपण खाली काय करतोय?"

हे लेणं कळसाकडून पायाकडे कोरत आणलेलं आहे. कारागिरांनी डोंगराच्या उतारावर तीन चर खणले, दोन लांब बाजूंनी आणि एक मागून. मधे एक प्रचंड कातळ सुटा राहिला. त्या कातळातून वरून खाली येत देऊळ काढलं. परांच्या बांधायला नकोत, कारण उभं राहायला पायाखाली अजून न फोडलेला दगड आहेच. जसजसं काम उतरलं तसतशी माणसंही खाली उतरली. विहीर खोदणाऱ्याच्या पोराला जे क्षणात कळलं ते मला दहा वर्षं कळलं नव्हतं.

वर पोचलात की कडेकडेने मागच्या बाजूपर्यंत जा. मागचा कडा शंभर फुटांहून उंच आहे. तिथून शिखर तुमच्या नजरेच्या खाली येतं. देवळाचा कळस आपण एरवी मान मोडून पाहतो, इथे तो घागरीच्या झाकणासारखा समोर. सभामंडपाच्या छतावर एक मोठं कमळ कोरलंय आणि त्याभोवती चार सिंह चाललेत. खालून हे दिसत नाही. मुख्य शिखराभोवती छोटी देवळं आहेत, ती पोरांना मोजायला लावा. पाच भरली पाहिजेत.

मग नजर मागून पुढे न्या. शिखर, सभामंडप, नंदीमंडप, गोपुर, सगळं एका रेषेत आणि मधे दगडाचेच पूल. अंगण साधारण २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद. एवढी पोकळी करायला दोन लाख टनांच्या आसपास दगड काढला असावा असा अंदाज सांगतात. मला टनांचा आकडा कधी डोळ्यांसमोर येत नाही. मी पोरांना सांगायचो, या खड्ड्यात आपली शाळा मैदानासकट ठेवली तरी वरून फक्त झेंडा दिसेल.

कड्याजवळ जाऊन सेल्फी काढू नका. काही ठिकाणी कठडा आहे, काही ठिकाणी भरवसा ठेवावा असं काही नाही. पावसाळ्यात वाट बंद असेल किंवा रखवालदार अडवत असेल तर हुज्जत घालू नका, त्याची नोकरी आहे. आणखी एक, कड्याच्या कपारीत आग्यामोहोळ असतं. दगड भिरकावणारं, आरडाओरडा करणारं कुणी बरोबर असेल तर त्याला खालीच ठेवा.

वर उभं राहून एक गोष्ट आवर्जून सांगायची असते. जुन्या मराठी कथेत असं येतं की राजा आजारी पडला, राणीने नवस बोलला. राजा बरा झाला तर शंकराचं देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. शिल्पी म्हणाले, शिखरापर्यंत पोचायला कित्येक महिने लागतील. राणी तोवर जगणार कशी? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि म्हणाला, आठवड्यात शिखर दाखवतो. त्याने डोंगर वरून फोडायला घेतला. गोष्ट खरी नसेल, पण ज्याने रचली तो नक्की इथे वर येऊन उभा राहिला होता.

इतिहास हवा असेल तर तो थोडक्यात असा. आठवं शतक, राष्ट्रकूट घराणं. पंधरा नंबरच्या लेण्याच्या अंगणातल्या मंडपावर दंतिदुर्गाचा लेख आहे आणि कैलासाचं श्रेय त्याच्या काकाला, पहिल्या कृष्णाला देतात. म्हणजे आधी पुतण्या, मग काका. महाराष्ट्रात याचं कुणाला नवल वाटू नये. कृष्णाची कारकीर्द वीस वर्षांचीसुद्धा नव्हती, त्यामुळे काम त्याच्या आधीपासून किंवा नंतरही चालू असावं असं अभ्यासक मानतात. बडोद्याला सापडलेल्या राष्ट्रकूटांच्या एका ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे. त्यात म्हटलंय की हे पाहून देव थक्क झाले, आणि ज्याने ते घडवलं तोसुद्धा म्हणाला, मी हे केलं कसं! कारागिराच्या मनातली गोष्ट राजाच्या ताम्रपटात आलेली मला तरी दुसरी माहीत नाही.

मग उतरून आत

आता गोपुरातून आत शिरा. समोर गजलक्ष्मी, कमळांच्या तळ्यात बसलेली, हत्ती तिच्यावर पाणी ओतताहेत. इथे सगळे फोटोला थांबतात आणि वाट तुंबते. तुम्ही बाजूने अंगणात उतरा. दोन्हीकडे एकेक हत्ती, एकेक ध्वजस्तंभ. हत्तींच्या सोंडा तुटल्यात. स्तंभांची उंची पाहताना लक्षात ठेवा की हे खांब आणून उभे केलेले नाहीत. भोवतीचा डोंगर काढून टाकला, तेव्हा ते उरले.

देवळाला हात लावायच्या आधी भिंतीकडे जा. देवळाच्या नाही, बाजूच्या कड्याच्या भिंतीकडे. तिथे माणसं थांबत नाहीत, कारण त्या भागात मूर्ती नाही. पण छिन्नीच्या खुणा आहेत. वरून खाली उतरत आलेल्या लांबलचक रेघा, एकीशेजारी एक, नांगरटीसारख्या. टॉर्च घ्या आणि भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका धरा. उजेड समोरून मारला की दगड सपाट दिसतो. बाजूने सरपटत सोडला की प्रत्येक घाव सावली टाकतो. मग कळतं की अमुक रेघ एकाच तालात गेली आहे, तमुक ठिकाणी हात थांबलाय, इथे दगडात कठीण गाठ आली म्हणून छिन्नी वळवली आहे. मी एका मुलीला तिथे दहा मिनिटं तशीच उभी राहिलेली पाहिली आहे. तिचे वडील पाथरवट नव्हते, शिंपी होते. ती म्हणाली, "सर, धावदोऱ्यासारखं आहे."

मूर्तींनाही हाच उपाय. फ्लॅश मारू नका, त्याला मनाई आहे आणि फोटोही पांढराफटक येतो. बाजूने उजेड धरा, मग दागिन्याचा मणी न् मणी उठून दिसेल.

देवळाभोवती प्रदक्षिणा घाला, डाव्या हाताने सुरुवात करून. आधी उत्तरेचं अंग येतं. कड्यात एक छोटं देवालय आहे, त्यात गंगा, यमुना, सरस्वती. देवळाच्या भिंतीवर महाभारताचा पट, त्यातच खालच्या ओळींत कृष्णाच्या बाललीला. दक्षिणेच्या भिंतीवर रामायण. ओळीमागून ओळ, गोष्टीच्या पुस्तकासारखं. आमच्या आत्याला मी इथे आणलं तेव्हा तिला राष्ट्रकूट कोण ते ठाऊक नव्हतं, पण सेतू बांधणारी वानरं तिने माझ्याआधी ओळखली आणि मलाच समजावून सांगितली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. गाईडचे पैसे वाचतात.

गाईड करायचाच असेल तर ओळखपत्र असलेला घ्या, पैसे आधी ठरवा, आणि त्याला सांगा की मला पाच गोष्टी दाखव पण सावकाश दाखव. "परग्रहावरच्या माणसांनी बांधलं" असं कुणी सुरू केलं की मी नमस्कार करून पुढे निघतो. भिंतीवर छिन्नीचे घाव ढळढळीत दिसत असताना ही अक्कल सुचते कशी?

जोत्यावर हत्ती आणि सिंहांची रांग आहे. सबंध देऊळ त्यांच्या पाठीवर ठेवल्यासारखं. कुणी भिडलेत, कुणी चरताहेत. त्यांच्याजवळून जाताना हात लावायचा मोह होतो. आवरा. इथे मला एक कबुली द्यायची आहे. एका वर्षी मी पोरांना कागद आणि मेणखडू दिले होते, खांबावरच्या नक्षीवर कागद धरून घासायचं आणि ठसा उतरवायचा. कलाशिक्षणातला चांगला प्रयोग म्हणून. रखवालदार धावत आला. मी त्याला प्रयोगाचं महत्त्व पटवू लागलो. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमची चाळीस. दिवसाला अशा किती शाळा येतात माहीत आहे?" खडू पिशवीत गेले. त्यानंतर आम्ही वही-पेन्सिल घेऊन समोर बसायला लागलो आणि पोरांची चित्रंही सुधारली.

दक्षिणेच्या अंगाला, सभामंडपाच्या खालच्या अंगात, रावण कैलास हलवतोय तो पट आहे. सगळ्या वेरूळमध्ये एकच शिल्प पाहायला वेळ असेल तर हे पाहा. खाली खोबणीत रावण, इतका खोल कोरलाय की त्याचे हात दगडापासून सुटे झालेत. अंधारात आधी नुसते हातच दिसतात, मग डोकी. वर पर्वत हादरतोय. पार्वती घाबरून शंकराकडे झुकली आहे, तिने त्याचा दंड धरलाय. तिची एक दासी पाठमोरी होऊन पळत सुटली आहे. आणि शंकर मात्र जागचा हललेला नाही. पायाच्या अंगठ्याने त्याने पर्वत दाबला एवढीच काय ती त्याची हालचाल. या पटासमोर खाली बसा. उभ्याने पाहिलं तर पार्वती दिसते, बसून पाहिलं तर रावणाचं बळ दिसतं. आणि एक विचार करा. हे देऊळच कैलास आहे, म्हणजे रावण ज्या पर्वताला हात घालतोय तो खरोखर त्याच्या डोक्यावर आहे, वरून खाली कोरत आणलेला.

मग चपला काढून वर चढा. नंदी, पूल, सोळा खांबांचा सभामंडप, पुढे गाभाऱ्यात मोठं शिवलिंग. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटं द्या. वरच्या द्वारमंडपाच्या छताला जुन्या रंगांचे तुकडे शिल्लक आहेत, ते चुकवू नका. लोक या लेण्याला रंगमहाल म्हणायचे. बाहेरूनही बऱ्याच भागावर पांढरा गिलावा होता, अजून कुठे कुठे चिकटून आहे. काळा दगड आपण पाहतो, त्यांना पांढरा कैलास दिसत होता.

इथे रोजची पूजाअर्चा नाही, पण येणारे हात जोडतात. तुम्हीही जोडा, कुणाची हरकत नाही. फक्त लिंगावर दूध, तेल, हळदकुंकू घालू नका, नारळ फोडू नका, अगरबत्ती लावू नका. दगडावर तेलाचा थर बसला की धूळ धरते. ते सगळं घृष्णेश्वराला करा, तिथला देव जागता आहे. तिथे गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा-बनियन काढावं लागतं, हे बरोबरच्या लाजाळू पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. आत्ताचं ते देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळातलं.

दुपारची चार लेणी

कैलासला तीन तास गेले पाहिजेत. मग जेवा आणि थोडं पडा. सगळी लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, म्हणजे सकाळी त्यांच्यात अंधार आणि दुपार कलली की ऊन आपोआप आत शिरतं. म्हणून बाकीची चार तिसऱ्या प्रहरी.

२९ नंबरला, धुमार लेण्याला, गाडीने जा. पायऱ्यांपाशी दोन्ही बाजूंना सिंह बसलेत. आत प्रचंड खांबांचा पसारा आणि मधे चार दारांचा गाभारा, प्रत्येक दारावर माणसाच्या दुप्पट उंचीचे द्वारपाल. मुंबईचं घारापुरी पाहिलं असेल तर आत पाऊल टाकताच ओळख पटेल, दोन्ही लेण्यांची ठेवण एकच. इथेही रावण कैलास हलवतोय, आणि त्याला चिडवायला एक बुटका गण त्याच्याकडे पाठ करून चक्क ढुंगण दाखवतोय. पोरांना हे मी कधीच दाखवत नसे. ती स्वतःच शोधून काढत आणि एकमेकांना कोपरखळ्या मारत.

२१ नंबर रामेश्वर. समोर चौथऱ्यावर नंदी. डाव्या बाजूला बाहेर गंगा मकरावर उभी आहे, कंबरेत किंचित मोडलेली. तिच्यासमोर वही काढा. चित्र काढता येत नसलं तरी काढा, डोक्यापासून पायापर्यंत एकच रेघ. तेवढ्यात तिचा सगळा तोल कळतो.

१५ नंबर दशावतार, बऱ्याच पायऱ्या चढून वर. डाव्या भिंतीला शंकराच्या कथा, उजवीकडे विष्णूच्या. तिथला नरसिंह पाहा, हिरण्यकशिपूच्या खांद्यावर हात टाकलाय तो प्रेमाने टाकल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते. १४ नंबरात शिवपार्वती सारीपाट खेळताहेत आणि खाली नंदीभोवती गणांचा दंगा. एवढं पाहून बाहेर या.

पाचच्या सुमाराला परत कैलासच्या गोपुरासमोर पाच मिनिटं उभं राहता आलं तर राहा. उतरतं ऊन तेव्हा सरळ दर्शनी भिंतीवर येतं. रखवालदाराच्या शिट्ट्या सुरू झाल्या की रेंगाळू नका. बाहेर मुख्य रस्त्यावर संभाजीनगरकडची एसटी हात केला की थांबते, पण सुट्टीच्या दिवशी भरून येते. म्हणून घाटाकडे थोडं पुढे जाऊन उभं राहण्याऐवजी गावातल्या थांब्यावरच उभे राहा, तिथे काही माणसं उतरतात आणि जागा मिळते. खिडकीची मिळाली तर डाव्या-उजव्याचा विचार करू नका, दौलताबाद येईपर्यंत झोप लागलेली असते.